गाव खाडीपलीकडे असताना

गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी आमची भातगिरण विकण्याचा ठराव झाला. सभा गावात, गिरणीच्या ओट्यावर झाली. गाव खाडीपलीकडे होता. हे खाडीतून चालत गेले, ठरावाच्या विरोधात हात वर केला आणि परत आले.

हे म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची मला सवय नाही, आता ते नाहीत तरी नाही. गावाचं नावही घालू नका. मालवणपासून फार लांब नाही एवढं लिहा, पुरे.

मी मूळची ह्या गावची नव्हे. माझं माहेर पिंगुळीकडचं, वडील पोस्टात होते, घरात पुस्तकांचं एक कपाट होतं आणि आम्हा बहिणींना त्याची किल्ली मिळायची. मी ह्या गावात आले ती प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून, आणि मग इथलीच झाले. वर्गात बोलते तेवढंच माझं बोलणं, एरवी मी वाचत बसणारी बाई. ह्यांचं मॅट्रिकपर्यंत शिक्षण झालेलं, मुंबईत एका छापखान्यात खिळे जुळवायचं काम करत होते, वडील गेले तेव्हा शेती बघायला म्हणून परत आले आणि पुन्हा मुंबईला गेले नाहीत. लोक म्हणायचे, मुंबय सोडून हय इलो, मेंदू फिरलो काय तेचो. हे हसायचे. छापखान्यात काम केलेलं, त्यामुळे छापलेल्या अक्षरावर ह्यांचा फार विश्वास. छापलंय म्हणजे ते पाळलं जाणार, असं ह्यांना शेवटपर्यंत वाटायचं. म्हणजे शेवटपर्यंत नाही. त्या दिवसापर्यंत.

गावपळण बाहेरच्या माणसाला समजावून सांगावी लागते. आमच्याकडे काही वर्षांनी एकदा देव गाव मागून घेतो. देवदिवाळी झाली की देवळात रवळनाथाला कौल लावतात, म्हणजे पाषाणाला फुलांचे कळे चिकटवायचे आणि विचारायचं, उजवीकडचा पडला तर देवाची होय. होय आली की ठरल्या दिवशी सगळा गाव घरं बंद करून शिवेबाहेर जातो, म्हातारीकोतारी, तान्ही मुलं, गुरं, कुत्री, कोंबड्यासुद्धा. तीन दिवस आणि तीन रात्री गावात चूल पेटत नाही, माणसाचं पाऊल पडत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावायचा, आत येऊ काय म्हणून, आणि देव हो म्हणाला की परत यायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं काय हे, शिकलेली बाई मी. पण खाडीपलीकडे झावळांच्या खोपी बांधून सगळा गाव शेजारी शेजारी राहतो, कोणाचं कुंपण नाही, कोणाचा वाद नाही, बायका फुगड्या घालतात, भजनं होतात, आणि मला ते आवडलं हे खरं आहे. आज ते सांगताना जीभ कडू होते, पण आवडलं होतं.

तर गिरण. गिरण नव्हती तेव्हा आमच्या बायका भात डोक्यावर घेऊन बाजारातल्या गिरणीत जायच्या. आमच्याकडे उकडा तांदूळ खातात, भात आधी उकडायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं. प्रत्येक घराच्या तांदळाला आपला वास असतो, कोणी जास्त उकडतं कोणी कमी. बाजारातला गिरणवाला सगळ्यांचं एकत्र ओतायचा आणि पाटीभर कोणाचंतरी द्यायचा. कोंडा मात्र आपल्याकडेच ठेवायचा, तो गिरणीचा हक्क म्हणून. कोंड्यावर म्हैस जगते, आणि म्हशीवर घर. आमच्या शेजारची सरस्वती, तिला सगळे सरसू म्हणत, नवरा लवकर गेलेला, स्वतःच्या नावावर जमीन असलेली वाडीतली एकटी बाई, ती म्हणायची, माजा तांदूळ तेनी खावचो आणि माज्या म्हशीचो कोंडोव तेनीच खावचो, मगे माकाव वरात काढून घेवन जा म्हणा तेका, रवला काय आता.

ह्यांनी सहकारी सोसायटीची कल्पना काढली ती ह्या कोंड्यावरून. घाटावर शेतकऱ्यांचे कारखाने आहेत, ते छापून येतं ते आपल्याकडे का नाही, एवढंच ह्यांचं म्हणणं. मग घरोघरी फिरले. काय सांगू तुम्हाला, ह्या माणसाने एकच गोष्ट किती घरांत किती वेळा सांगितली असेल. शेअर घेतलास की तू गिऱ्हाईक नाय, तू मालक. गिरण खयच्या एका शेटीची नाय, सरकारचीव नाय, भात घालतत तेंची. जेचो माडांचो बाग आसा तेचो एक हात, आणि जेका भाताचो एकच कुणगो आसा तेचोव एकच हात. लोक ऐकायचे, पान जुळवायचे. शेवटी विचारायचे, पण मालक कोण? हे पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. सरसूने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे कोंडो माका मेळतलो मा? मेळतलो. मगे शेअर माज्या म्हशीच्या नावार कर, कोंडो तीच खाता, सभेक तीच येयत. हे इतके हसले की पायरीवर बसले. तिनेच पहिला शेअर घेतला.

पोटनियम मी वाचून दाखवायची. हे सरकारी कचेरीतून छापील प्रत घेऊन आले होते, संध्याकाळी कंदिलाजवळ मी वाचायची आणि हे ओटीवर बसलेल्यांना मालवणीत समजावायचे. सभासद कोण होऊ शकतो, संचालक कसे निवडायचे, मिळालेल्यातलं किती राखून ठेवायचं आणि किती वाटायचं. माणसं शांत ऐकायची. पुराण ऐकतात तशी ऐकायची, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चेअरमन कोण, ह्यावर चर्चा झालीच नाही. दाजी झाले. दाजी म्हणजे गावचे मानकरी, देवळात पहिला नारळ त्यांचा, पालखीला पहिला खांदा त्यांचा, मग सोसायटीत पहिली खुर्ची दुसऱ्या कोणाची असणार? निवडणूक घ्यायची म्हटल्यावर लोकांना अपमान वाटला, गावात फूट पाडायची आहे काय असं विचारू लागले. बिनविरोध. दरवेळी बिनविरोध, आणि दरवेळी त्याचा अभिमान. ह्यांनीही हरकत घेतली नाही, म्हणाले, सगळ्यांका बरोबर घेवन जाणारो माणूस होयो, गिरण उभी रवली म्हणजे झाला. दाजी वाईट माणूस होते असं मी म्हणत नाही. आजारी माणसाला स्वतःच्या बैलगाडीतून नेणारे, कोणाच्या लग्नात पान वाढायला उभे राहणारे. पण गावाने सोसायटी देवळासारखी चालवली. देवळात तुम्ही मत देत नाही, देवळात तुम्ही हात जोडता.

गिरण उभी राहिली ती माझ्या शाळेच्या वाटेवर, डांबरी रस्त्याला लागून. दाजींच्याच भावकीने जागा सोसायटीला दिली, रीतसर खरेदीखत करून. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे लांब ओटा. पहिल्या दिवशी इंजिन सुरू झालं तेव्हा वर्गातली मुलं उठून खिडकीशी गेली आणि मी त्यांना बसा म्हटलं नाही. ज्याचं भात त्याचाच तांदूळ, ज्याचा कोंडा त्याच्याच टोपलीत. कापणीनंतर ओट्यावर बायकांची रांग लागायची आणि त्या रांगेत बसून त्या साऱ्या जगाची खबर काढायच्या. संध्याकाळी हे घरी यायचे ते पापण्यांपासून पांढरे, आणि मला म्हणायचे, आज सरसून माका दम दिल्यान, कणी जास्त पडता म्हणान. मालकीण मा ती. हे त्यांना फार आवडायचं, कोणीतरी येऊन दम देणं.

आता नियमाची गोष्ट सांगते, कारण पुढे सगळं त्यावर आलं. सभासद निम्मेअधिक मुंबईला. जमीन पुरुषांच्या नावावर, पुरुष मुंबईत, म्हणजे शेअर मुंबईत आणि भात इथे. म्हणून हे वार्षिक सभा चतुर्थीला धरून ठेवायचे, गणपतीला सगळे चाकरमानी गावी येतात म्हणून. आरत्यांतून वेळ काढून लोक सभेला बसायचे, प्रसाद म्हणून मोदकसुद्धा असायचे. पण मधे कधी सभा घ्यायची झाली तर माणसं पुरी पडायची नाहीत. त्यासाठी नियमात सोय होती, गणपूर्ती झाली नाही तर सभा अर्धा तास तहकूब करायची आणि मग असतील तेवढ्या माणसांत ती भरवायची, तिचा ठराव पक्का. ही सोय हवीच असं ह्यांनीच आग्रहाने सांगितलं होतं. नायतर आमची सभा कधी भरतलीच नाय, म्हणाले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या.

जिल्हा नुकताच रत्नागिरीतून वेगळा झाला होता. नवा जिल्हा, नव्या कचेऱ्या, रस्त्याकडेच्या जागांना एकदम भाव आला. बाजारातला तोच गिरणवाला, ज्याच्याकडे आमच्या बायका पूर्वी जायच्या, तो दाजींकडे येऊ-जाऊ लागला. इंजिन जुनं झालं, दुरुस्तीला परवडत नाही, गिरण तोट्यात जाणार, असं दाजी बोलू लागले. हे म्हणाले, चतुर्थीच्या सभेत मांडा, सगळ्यांच्या समोर होऊ दे. दाजींनी चतुर्थीला मांडलं नाही. कार्तिकात, चाकरमानी परत गेल्यावर, सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली. विशेष सर्वसाधारण सभा, विषय गिरणीची विल्हेवाट. तारीख पुढच्या महिन्यातली.

आणि मग देवदिवाळीला देवळात कौल लागला आणि गावपळण ठरली. सभेची तारीख गावपळणीत आली.

इथे आमची चूक झाली, सगळ्यांची, आणि ती चूक आमच्यासारखीच माणसं करतील. सभा पुढे गेली असं सगळ्यांनी धरून चाललं. कोणी कोणाला विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही नव्हतंच. गावात माणूस नसणार, चूल नसणार, मग सभा कसली? हे नोटिशीसमोर उभे राहून म्हणाले, आता नवी तारीख घालूक होयी. दाजी तिथेच होते. म्हणाले, बघूया. एवढंच म्हणाले. खोटं बोलले नाहीत. मी किती वेळा आठवून बघितलं, त्या दिवशी दाजी एक अक्षर खोटं बोलले नाहीत.

पलीकडे गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोपीपुढे भाकरी करत होते. सरसूचा दीर बाजारातून मीठ-मिरची घेऊन आला आणि सहज म्हणाला, सरकारी जीप आपल्या गावाकडे वळली, आत साहेब होता, आणि पुढच्या सीटवर दाजी. हे विडी ओढत होते. विडी तशीच हातात राहिली. दाजींच्या खोपीकडे बघितलं तर त्यांच्या घरच्या बायका होत्या, दाजी आणि त्यांच्या भावकीतले संचालक नव्हते. ह्यांनी मला विचारलं, आज खयची तारीख? मी सांगितली. मग हे उठले.

खोपीखोपीने फिरले. तशी खोपीखोपीने फिरायची त्यांना सवय होती, घरोघरी फिरलेच होते. चला रे, सभा घेतत, गिरण इकतत, आमी सगळे गेलंव तर तेंका इकूक मेळाची नाय. एकाने म्हटलं, अरे खय जातंस, हय ये, कोंबडी शिजता, हयच सभा घे. लोक हसले. हे त्याला म्हणाले, गिरण तुजी आसा रे, जीभ सोडून हात वर करूक तरी ये. तो कोंबडीच्या टोपाकडे वळला. दुसरा म्हणाला, देवान गाव मोकळो करूक सांगल्यान, आमी कसो पाय ठेवचो? तेंनी ठेवलो, हे म्हणाले. तेंचा ते बघतले, तो म्हणाला, आणि झावळीची गाठ आवळत राहिला, ती आधीच आवळलेली होती.

सरसूकडे हे सगळ्यात शेवटी गेले. ती येईल असं त्यांना वाटत होतं, मलाही वाटत होतं. तिच्या मांडीवर नातू होता, तापातून उठलेला. ती म्हणाली, माका येवक काय रे, माका काय सभेची भीती नाय, पण उद्या ह्या पोराक कायव झाला तर मी कोणाकडे बघू, सांग. हे बरा म्हणाले, पोराक संबाळ, आणि मुलाच्या डोक्यावर हात ठेवून निघाले.

मी नको म्हटलं नाही. जा पण म्हटलं नाही. धोतर वर खोचलं, चपला हातात घेतल्या आणि हे खाडीत उतरले. सुकती होती, ओहोटीचं पाणी मांडीएवढं. सगळा गाव काठावर येऊन उभा राहिला. खाडीच्या मधोमध पोचल्यावर हे एकदा थांबले, मागे बघितलं, मला वाटतं कोणी येतंय काय ते बघितलं. मग गेले.

सभेत काय झालं ते ह्यांनी मला एकदाच सांगितलं. पोचले तेव्हा अर्ध्या तासाची तहकुबी संपली होती. ओट्यावर दाजी, दाजींच्या भावकीतले चार लोक आणि कचेरीचा साहेब, तरुण मुलगा, घामाघूम. त्याला गावपळण म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं, तो म्हणाला, इथे सगळे बाहेरगावी गेलेत काय? ठराव वाचला, ह्यांनी विरोध केला, म्हणाले सगळे सभासद पलीकडे आहेत, सभा पुढे घ्या. साहेब म्हणाला, नोटीस मुदतीत लागलेली आहे, पोटनियमात तरतूद आहे, तुमचा विरोध मी नोंदवून घेतो. व्यवस्थित नोंदवून घेतला. मग हे दाजींना म्हणाले, नियमाचा जावंदे, पण दाजी, देवाक काय सांगशात? तुमी मानकरी. तेव्हा दाजी शांतपणे म्हणाले, देवाक इचारूनच इलंय. सरकारी कामासाठी पाय ठेवूक कौल घेतलंय, गुरवाच्या समोर. तू इचारलंस?

ह्यांनी विचारलं नव्हतं. अख्ख्या गावात देवाला न विचारता आत आलेला माणूस एकच होता.

चौथ्या दिवशी परत जायला कौल लावला, कळा पडला नाही. पुन्हा लावला, डावा पडला. गावाला आणखी राहावं लागलं. धान्य संपत आलेलं, पोरं कुरकुरत होती, एका गाईला वासरू तिथेच झालं. कोणी ह्यांच्याकडे बोट दाखवलं नाही. बोट दाखवायला लागलंच नाही. आमच्या खोपीकडे सकाळी विस्तव मागायला बायका यायच्या त्या यायच्या थांबल्या. एक म्हातारी मात्र जाता जाता मला मोठ्याने म्हणाली, बाई, तुमच्या घोवाक सांगा, गिरण देवापेक्षा मोठी नाय. मी तिच्या दोन मुलांना शिकवलं होतं.

परतल्यावर हे सहकार खात्याच्या नव्या कचेरीत गेले. कचेरी भाड्याच्या घरात, पाट्या अजून ओल्या. तिथे एक वयस्कर अधिकारी होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, एकट्या माणसाच्या तक्रारीने होणार नाही, पण सभासदांनी मिळून सह्या करून नवी सभा मागितली तर ती घ्यावी लागेल, आणि तोवर विक्री थांबेल. मालक ते आहेत, त्यांनी मागायला हवं. हे घरी आले ते जवळजवळ आनंदात. बघ, म्हणाले, कायद्यान सोय आसा. मी अर्ज लिहिला, चांगल्या अक्षरात. हे तो घेऊन फिरले आणि एकही सही न होता परत आणला. लोक नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, सही करूक काय, पण तू आदी देवाक नारळ ठेव. तुजी चूक पदरात घेतल्याशिवाय तुज्या कागदार आमी हात कसो लावचो?

आठवडाभर ह्यांनी नारळ आणला नाही. देवावर ह्यांची श्रद्धा नव्हती असं नाही, होती. पण आपण चुकलो असं त्यांना वाटत नव्हतं, आणि देवासमोर खोटं बोलायचं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, तुम्हाला जे वाटेल ते करा. मग एका सोमवारी नारळ घेऊन गेले. मी मागे बायकांत उभी होते. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, बा देवा रवळनाथा, ह्या तुझ्या लेकरान खयच्या नडीन, खयच्या घाईत तुझी शीव ओलांडल्यान आसात, ता पोटात घाल, तेच्या घरादाराची राखण कर रे म्हाराजा. आणि सगळा गाव एका आवाजात म्हणाला, व्हय म्हाराजा. मुंबईकर सोडले तर एकूणएक सभासद तिथे होता. सोसायटीच्या सगळ्या वर्षांत ह्यांनी त्यांचा एक आवाज ऐकला नव्हता. तो त्या दिवशी ऐकला, मान खाली घालून.

संध्याकाळी अर्ज घेऊन निघाले. पहिल्याच घरी चहा दिला, पाट मांडला, किती दिवसांनी. बरा केलंस म्हणाले. अर्ज पुढे केला तर घरधनी म्हणाले, आता देवान मिटवल्यान, परत कित्याक उकरून काढतंस? दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच. सरसूने अंगठा दिला. एक अंगठा. तो कागद मी जपून ठेवलेला नाही, ह्यांनीच चुलीत घातला आणि हात धुऊन जेवायला बसले.

विक्री झाली, बाजारातल्या त्याच गिरणवाल्याला. पैसे चतुर्थीला सभासदांत वाटले. मुंबईकर आले होते, त्यांनी घेतले, दाजींनी व्यवहार चोख ठेवला म्हणाले. दाजींना त्यात वेगळं काही मिळालं काय, ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही ते मी बोलणार नाही. मला वाटतं मिळालंही नसेल. त्यांना मनापासून वाटत होतं की सगळ्यांची वस्तू म्हणजे ती कोणाचीच नसते, कोणीतरी मोठ्याने तिची व्यवस्था लावायची असते. गावालाही तेच वाटत होतं. तसं वाटत नव्हतं तो माणूस माझ्या घरात होता.

पुढल्या पावसात ह्यांना कावीळ झाली. झाडपाला केला, मग मालवणला दवाखान्यात नेलं, उशीर झाला होता. गिरणीमुळे गेले असं मी म्हणणार नाही, कावीळ गिरणीमुळे होत नाही. पण त्या वर्षात ह्यांनी कोणालाही काहीही समजावून सांगितलं नव्हतं, आणि समजावून सांगणं हाच ह्यांचा स्वभाव होता. मयताला सगळा गाव आला. भर पावसात लाकडं आली, झावळा आल्या, दाजींनी स्वतः खांदा दिला. माणूस सोन्यासारखो होतो, म्हणाले, गावासाठी झिजलो. माझ्यासमोर रडली माणसं, खरी रडली. मी त्यांच्याकडे बघत होते आणि सही न केलेल्यांची मोजदाद नको म्हणून डोळे मिटून घेतले, तर लोक म्हणाले, बाईंका शुद्ध नाय, पाणी मारा.

मी शाळेत जाते. ह्याच लोकांची मुलं माझ्या वर्गात आहेत, हुशार आहेत, त्यांचं भलं व्हावं असंच मला वाटतं. नागरिकशास्त्राच्या तासाला सहकारी संस्थेचा धडा येतो तो मी मुलांना वाचायला सांगते आणि स्वतः फळा पुसते. यंत्र त्या गिरणवाल्याने वर्षभरात उचलून बाजारात नेलं. आमच्या जागेत त्याचं खताचं गोदाम आहे. भात एसटीच्या टपावरून बाजारात जातं, तांदूळ येतो, कोंडा येत नाही. सरसूने म्हैस विकली. मला परवा भेटली तेव्हा म्हणाली, बाई, म्हस गेली ता बरा झाला, ती सभेक गेली आसती आणि एकटीच पडली आसती. हसलो आम्ही दोघी. यंदा पुन्हा गावपळण झाली. मीही गेले, खोप बांधली, तीन रात्री राहिले. एकटी बाई मागे कुठे राहणार?

सोसायटी मोडलेली नाही. दाजी चेअरमन आहेत, चतुर्थीला सभा होते. वारस म्हणून ह्यांचा शेअर माझ्या नावावर झाला, मागच्या महिन्यात तसं कळवलं आहे. सोसायटीकडे आता एक वजनकाटा आणि नावाची एक पाटी आहे. त्यात माझा हिस्सा आहे.